चाचणी निवडताना पहिला प्रश्न कोणता विचारावा?

गोदाकाठ (धागाकर्ती):

मी नाशिकमध्ये संख्याशास्त्र शिकवते. द्राक्षाचा हंगाम आटोपत आला की कृषी शाखेचे काही पदव्युत्तर विद्यार्थी आपापली मोजमापे घेऊन येतात आणि "मॅडम, याला कोणती टेस्ट लावायची?" असे विचारतात. बहुतेकांकडे एक तक्ता असतो. त्याच्या पहिल्या चौकटीत 'माहितीचे वितरण नॉर्मल आहे का?', म्हणजे आकडे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरले आहेत का, असा प्रश्न असतो. उत्तर 'हो' आले तर दोन सरासरींची तुलना करणारी टी-चाचणी, 'नाही' आले तर आकड्यांचा फक्त क्रम पाहणारी मान-व्हिटनी. हा प्रश्न पहिला नसून जवळजवळ शेवटचा आहे, असे माझे ठाम मत आहे. चाचणी ठरते ती बागेत, मोजमाप घेण्याच्या पद्धतीवरून.

एका विद्यार्थ्याने जिबरेलिक आम्लाच्या (मणी वाढवणाऱ्या संजीवकाच्या) दोन मात्रांची तुलना केली होती. एक मात्रा वरच्या प्लॉटला, दुसरी खालच्या प्लॉटला. प्रत्येक प्लॉटमधील १० वेली, प्रत्येक वेलीचे ५ घड आणि प्रत्येक घडातील १० मणी त्याने व्हर्नियरने मोजले. असे १००० आकडे भरून त्याने टी-चाचणी लावली आणि पी-मूल्य, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.००१ पेक्षाही कमी आले. परंतु मात्रा मण्याला दिलेली नव्हती, वेलीलाही नव्हती. ती प्लॉटला दिली होती, आणि प्लॉट तर दोनच होते. खालच्या प्लॉटची जमीन अधिक भारी होती. मण्यांमधील फरक मात्रेमुळे आला की जमिनीमुळे, हे १००० काय, एक लाख मणी मोजूनही सांगता आले नसते. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीवर सविस्तर लिहून तिला खोट्या पुनरावृत्तीचे नाव दिले, तरी ती चूक अजून दर वर्षी माझ्या टेबलावर येते.

आता दुसरी रचना पाहा. समजा, शेजारशेजारच्या वेलींच्या ८ जोड्या घेतल्या, प्रत्येक जोडीत नाणे उडवून एका वेलीला जुनी आणि दुसरीला नवी मात्रा दिली, आणि प्रत्येक वेलीच्या मण्यांचा सरासरी व्यास काढला. नव्या मात्रेमुळे वाढलेला व्यास मिलिमीटरमध्ये असा आला: ०.६, ०.९, ०.४, १.१, ०.३, ०.८, ०.७, ०.८. सरासरी फरक ०.७. पेअर्ड, म्हणजे जोडीतल्या फरकांवरच्या, टी-चाचणीत टी ७.५६ येतो आणि ७ स्वातंत्र्यमात्रांसाठी (जोड्यांची संख्या वजा एक) पी-मूल्य ०.०५ च्या खाली जायला २.३६५ पुरेसा असतो. जोड्या विसरून हेच १६ आकडे दोन स्वतंत्र गट मानले आणि वेलीवेलींमधला स्वाभाविक फरक, म्हणजे प्रमाण विचलन, १.२ मिलिमीटर असले, तर टी जेमतेम १.१७ येतो आणि 'फरक नाही' असा निष्कर्ष निघतो. उलट जोड्या कायम ठेवून टी-चाचणीऐवजी फरकांचा क्रम पाहणारी विल्कॉक्सनची चाचणी वापरली, तरी आठही फरक धन असल्यामुळे पी-मूल्य ०.००८ च्या आसपास येते. म्हणजे नॉर्मल की नॉन-नॉर्मल या वादाने इथे काहीच बदलले नाही, आणि जोडी विसरल्याने सगळे बदलले. मग विद्यार्थ्याला पहिला प्रश्न कोणता शिकवायचा?

म्हसरूळकर:

मॅडम, मी आपल्याशी असहमत आहे. मी वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थिनी असून माझी माहिती बागेत आखून घेतलेली नाही; ती रुग्णालयाच्या नोंदवहीतून आलेली आहे. रुग्ण किती दिवस दाखल होते हे पाहिले, तर बहुतेक दोन-तीन दिवसांत घरी जातात आणि एखादा महिनाभर राहतो. अशा एका बाजूला लांब शेपूट असलेल्या आकड्यांची सरासरी एकदोन रुग्णच ओढून नेतात. तिथे वितरणाचा आकार हाच पहिला प्रश्न ठरतो.

आमच्यासाठी तक्ता हा आधार आहे. दिवसभर वॉर्ड, रात्री ड्युटी आणि त्यातून प्रबंध, अशा स्थितीत ज्यांना संख्याशास्त्राचे मोजकेच तास मिळाले, त्यांना 'रचनेवर विचार करा' एवढे सांगून भागत नाही. नमुना लहान असेल तर नॉन-पॅरामेट्रिक, म्हणजे विशिष्ट वितरण गृहीत न धरणारी, चाचणी घ्यावी, हा तक्त्यातला नियम निदान सुरक्षित बाजूला तरी ठेवतो.

दिंडोरीकर:

मी कृषी पदवीधर आहे आणि स्वतःची बाग करतो. वेलींच्या जोड्यांची कल्पना कागदावर चांगली आहे, परंतु घड बुडवण्याचे काम मजुरांच्या टोळीकडे असते आणि टोळीला ओळी नेमून दिलेल्या असतात. एका वेलीला एका द्रावणाचा डबा आणि शेजारच्या वेलीला दुसरा, असे सांगितले तर दुपारपर्यंत डबे बदललेले असतात. मात्रा ओळीला द्यावी आणि ओळींच्या जोड्या कराव्यात, एवढे जमू शकते.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. 'फरक आहे' एवढे कळून मला काय उपयोग? आपल्याच आकड्यांवरून ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे खरी वाढ जिथे असण्याचा संभव आहे तो पट्टा, काढले तर वाढ साधारण ०.४८ ते ०.९२ मिलिमीटर येते. हा आकडा माझ्या कामाचा आहे, कारण त्यावरून माल वरच्या प्रतवारीत जाईल की नाही आणि वाढीव औषधाचा खर्च निघेल की नाही, हे मी ठरवू शकतो. चाचणी निवडण्यावर एवढा वाद घालणाऱ्यांनी हा आकडा प्रबंधाच्या पहिल्या पानावर द्यावा.

सातपूरकर:

कारखान्यात गुणवत्ता तपासणीत माझी बरीच वर्षे गेली आहेत. म्हसरूळकर यांचा तक्ता मला मान्य नाही, पण गोदाकाठ यांचे 'जवळजवळ शेवटचा प्रश्न' हेही मान्य नाही.

आधी तक्त्याविषयी. नॉर्मल आहे का हे पाहण्यासाठी विद्यार्थी शापिरो-विल्क चाचणी लावतात. नमुना ८-१० चा असेल तर तिला दोष सहसा दिसत नाही, आणि काही हजारांचा असेल तर अगदी किरकोळ, निरुपद्रवी विचलनही ती दोष म्हणून दाखवते. जिथे खरी अडचण आहे तिथे ती गप्प बसते. दोन स्वतंत्र गटांची सरासरी तपासायची तर प्रचरण, म्हणजे आकड्यांचा पसारा, समान न मानणारी वेल्च यांची टी-चाचणीच नेहमी घ्यावी. प्रचरण समान निघाले तरी तिच्यामुळे फारसे काही गमवावे लागत नाही.

परंतु माझ्या कामात सरासरीला नव्हे, टोकाला महत्त्व असते. शाफ्टचा व्यास मर्यादेबाहेर किती वेळा जाईल हे मला सांगावे लागते. वितरण नॉर्मल असेल, तर तीन सिग्माच्या (सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांच्या) दोन्ही मर्यादांबाहेर दहा लाखांत साधारण २७०० नग जातात. तसे नसेल तर हा हिशेब साफ कोसळतो आणि नमुना वाढवल्याने तो सावरत नाही. तिथे वितरणाचा प्रश्न पहिलाच आहे.

आणखी एक गोष्ट. चाचणी कोणतीही असो, ती आकडे पाहण्याआधी लिहून ठेवावी. चार चाचण्या लावून जिचे पी-मूल्य ०.०५ च्या खाली आले ती छापणे, हे मी अहवालांत पाहिले आहे. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणे म्हणजे शवविच्छेदन करवून घेणे, अशा आशयाचे रोनाल्ड फिशर १९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत बोलले होते.

गोदाकाठ:

सातपूरकरांचा टोकाविषयीचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारते. मी सरासरीच्या तुलनेपुरते बोलत होते आणि ते मूळ लिखाणात स्पष्ट करायला हवे होते. ओळींच्या जोड्यांची सूचना मी पुढच्या विद्यार्थ्यांना नक्की देईन. मात्र मग नमुन्याची संख्याही ओळींच्या जोड्यांचीच धरावी लागेल.

म्हसरूळकर, 'नमुना लहान म्हणून नॉन-पॅरामेट्रिक' हा नियम सुरक्षित नाही. तीन विरुद्ध तीन अशा दोन गटांत क्रम लावण्याचे २० प्रकार असतात, त्यामुळे मान-व्हिटनीचे सर्वांत लहान दुतर्फी (फरक कोणत्याही दिशेचा धरून) पी-मूल्य २/२०, म्हणजे ०.१ असते. गट एकमेकांपासून कितीही दूर असले तरी ही चाचणी ०.०५ च्या खाली जाऊच शकत नाही. पाच जोड्यांवर विल्कॉक्सनचेही तसेच, तिथे तळ ०.०६२५ आहे. आणि टी-चाचणी तर लहान नमुन्यांसाठीच जन्मली: डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ती १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडली.

दाखल दिवसांबाबत एवढेच विचारते, की प्रश्न कोणाचा आहे? खाटा किती लागतील हे प्रशासनाला ठरवायचे असेल, तर एकूण दिवस म्हणजे सरासरी गुणिले रुग्णसंख्या. तिथे तो महिनाभर राहिलेला रुग्ण वगळता येत नाही. मान-व्हिटनी लावली की चाचणीसोबत प्रश्नही बदलतो, आणि दोन्ही वितरणांचा आकार सारखा नसेल तर ती मध्यकांची तुलनाही राहत नाही.

म्हसरूळकर:

खाटांचा मुद्दा पटला, परंतु 'मी साधारण किती दिवसांत घरी जाईन?' असे रुग्ण विचारतो तेव्हा त्याला सरासरी सांगणे मला योग्य वाटत नाही, आणि माझा प्रबंध त्या प्रश्नावर आहे. तेवढ्यापुरता माझा आग्रह कायम आहे. तक्ताही मी टाकून देणार नाही.

जोडीचा मुद्दा वाचून मात्र मी माझेच एक प्रकरण उघडले. इन्सुलिनचे इंजेक्शन बरोबर घेता येते का, हे ६० मधुमेही रुग्णांत प्रशिक्षणाआधी आणि नंतर पाहिले होते: आधी २० जणांना येत होते, नंतर २९ जणांना. मी दोन स्वतंत्र गटांतील प्रमाणांची तुलना करणारी काय-वर्ग चाचणी लावली, मूल्य २.७९ आले, ३.८४ ची गरज होती, म्हणून 'परिणाम नाही' असे लिहिले. तेच ६० रुग्ण दोनदा मोजले गेले होते, हे माझ्या लक्षातच आले नाही. आता नोंदी पुन्हा जुळवल्या: १२ जण नव्याने शिकले, ३ जणांचे चुकू लागले. जोडीच्या हो-नाही नोंदींसाठी असलेल्या मॅकनेमार चाचणीने १२ आणि ३ यांतील फरक ९ चा वर्ग भागिले १५, म्हणजे ५.४ येते, ३.८४ पेक्षा जास्त. तो परिच्छेद मी आज रात्री बदलून मार्गदर्शकांना पाठवते आहे. नियंत्रण गट नव्हता, ही त्रुटी त्यात वेगळी नोंदवावी लागेल ना?

गोदाकाठ:

हो, आणि ती निष्कर्षाच्या शेजारीच नोंदवा, मर्यादांच्या शेवटच्या पानावर नको.