मदत हवी आहे: बोटीवर चार-चार तासांची झोप कशी जमवायची?

नमस्कार मंडळी, मी क्लिपर राउंड द वर्ल्ड रेस या शिडाच्या बोटींच्या जगप्रदक्षिणा शर्यतीच्या केपटाऊन ते फ्रीमँटल (ऑस्ट्रेलिया) टप्प्यावर क्रू म्हणून जाणार आहे, ७० फुटी बोट, वीसेक माणसं. इंग्लंडमध्ये ट्रेनिंग चालू आहे. शिडं ओढायला अजिबात भीती नाही वाटत, पण झोपेनं पार वाट लागलीय. रात्री चार तास वॉच (म्हणजे कामाची पाळी), चार तास आराम, असं म्हणतात खरं, पण त्या आरामातलेच वीस मिनिटं ओले बूट नि जॅकेट उतरवण्यात जातात, परत चढवायला तेवढीच, आणि बंक, म्हणजे झोपायची जागा, पण आपला एकट्याचा नसतो, दुसरा उठून गेला की त्याच्याच गरम जागेत आपण शिरायचं. बोट एका अंगावर कललेली, कापडाच्या झोळीत पडून नुसता पाण्याचा आवाज ऐकत राहते मी.

मदर वॉचच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या पाळीच्या, दिवशी तर खाली झुलत्या शेगडीवर सगळ्यांचा भात शिजवताना इतकं मळमळलं की दोनदा बादली घेऊन बसले. गोळीनं उलटी थांबते पण डोकं सुन्न होतं.

कुणी नेव्हीत, मर्चंट नेव्हीत किंवा ट्रॉलरवर आहे का? तुम्ही तुटक झोपेची सवय कशी लावली, घरीच आधी सराव करावा का, आणि वॉचच्या आधी पोटात काय टिकतं? ही रेस सुरू करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची सुहेली ही बोट आपल्या मुंबईत बांधलेली, तिच्यावर ते ३१२ दिवस समुद्रात एकटे होते. मला महिनाभर तरी नीट उभं राहायचंय, प्लीज सांगा.