मदत हवी आहे: 'फक्त डेव्हलपमेंटसाठी' म्हणून घेतलेली असेसमेंट प्रमोशनला वापरली, एचआरला कसं विचारू?

मंडळी, एचआरमध्ये असलेलं किंवा या प्रकारातून गेलेलं कोणी असेल तर जरा सांगा.

अंधेरीच्या एका खासगी कंपनीत ऑपरेशन्सला आहे (नाव नको). मध्यंतरी आम्हा टीम लीडना पवईच्या हॉटेलात 'डेव्हलपमेंट सेंटर'ला (डीसी) पाठवलं. साचलेल्या मेल्सचा ढीग ठरावीक वेळात उपसायचा, चिडलेल्या क्लायंटशी रोल-प्ले, मग ग्रुप डिस्कशन. "हे फक्त तुमच्या डेव्हलपमेंटसाठी, अप्रेझलशी संबंध नाही" असा एचआरचा मेलही होता. आता प्रमोशनची यादी लागली आणि मॅनेजर म्हणतात, "तुझा डीसी स्कोअर कमी पडला ना!"

कमी मार्कांचं एवढं काही नाही. रोल-प्ले मस्त झाला, असले क्लायंट रोजच फोनवर असतात. ग्रुप डिस्कशनचा विषय मात्र परदेशी बाजारात उतरावं का, तोही इंग्रजीत. दोघंतिघं बोलत सुटले ते थांबेचनात, माझ्या वाट्याला जेमतेम दोन वाक्यं. रिपोर्टात काय, तर "प्रभाव टाकण्याची क्षमता कमी". अहो, मग त्या क्लायंटला शांत कोणी केलं?

थोडं वाचलं. सॅकेट आणि ड्रेहर या संशोधकांनी १९८२ मध्येच दाखवलंय की अशा सेंटरमधले मार्क माणसाच्या गुणांपेक्षा त्या त्या एक्सरसाइजप्रमाणे पडतात. एकच गुण दोन एक्सरसाइजमध्ये तपासला तरी आकडे फारसे जुळत नाहीत. आणि गिलिलँड या संशोधकाची १९९३ ची मांडणी आहे भरती कधी फेअर वाटते याबद्दल, पण आमच्याकडे चपखल बसते: चाचणीचा कामाशी संबंध हवा, आपलं कसब दाखवायची संधी हवी, फीडबॅक हवा, फेरविचाराची सोय हवी. आम्हाला फीडबॅक म्हणून रंगीत आलेखांची एक पीडीएफ आली. संपलं.

ज्यांना चांगले मार्क पडले त्यांना सगळं फेअर वाटतंय. मलाही वाटलं असतं कदाचित. पण हेतू आधी एक सांगायचा आणि वापर दुसरीकडे करायचा, हे त्यांच्याही बाबतीत चूकच ना?

तर, एक्सरसाइजवार मार्क आणि असेसरचे (मार्क देणाऱ्यांचे) शेरे मागितले तर कंपन्या देतात का? तो जुना मेल पहिल्याच पत्राला जोडू, की आधी तोंडी बोलून बघू? मॅनेजरला सीसीत ठेवू का? उगाच 'तक्रारखोर' असा शिक्का बसायला नको. एचआरने पुढच्या आठवड्यात भेटायला बोलावलंय, त्याआधी मुद्दे लिहून काढायचेत.