एकाच कासव भुंगेऱ्याची तीन नावं, यादीत कुठलं ठेवू?

रानपाखरू:
दक्षिण अमेरिकेतल्या कासव भुंगेऱ्यांची (कासवासारखं कवच असलेले छोटे भुंगेरे) यादी करतेय, जुने कॅटलॉग आणि नवे फोटो दोन्ही समोर ठेवून, आणि पार गोंधळ झालाय. तो सोनेरी छोटा भुंगेरा घ्या, एका ठिकाणी कॅसिडा सेक्सपंक्टाटा, दुसरीकडे मेट्रिओना बायकलर, तिसरीकडे चॅरिडोटेला सेक्सपंक्टाटा. जुन्या पुस्तकात हिस्पायनी हे वेगळं उपकुल आहे, आता म्हणे तेही कॅसिडायनीतच. मग जुनी नावं सरळ खोडून टाकू का?

शृंगिका:
खोडू नका, प्लीज! सुरुवातीला जवळपास सगळेच कासव भुंगेरे कॅसिडा या एकाच प्रजातीत (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) टाकलेले होते, लिनियसचं १७५८ चं नाव ते. मग स्वीडनच्या बोहेमनने १८५० ते १८६२ मध्ये मोठा ग्रंथ काढला, पुढे व्हिएन्नाच्या श्पेथने ढीगभर जाती आणि प्रजाती वेगळ्या केल्या, आणि १९९९ मध्ये पोलंडच्या बोरोवीएत्सचा जागतिक कॅटलॉग आला. तुमचा सोनेरी भुंगेरा म्हणजे चॅरिडोटेला सेक्सपंक्टाटा (फॅब्रिशियस, १७८१). तो कंस शोभेला नाहीये, फॅब्रिशियसने ही जात दुसऱ्या प्रजातीत वर्णन केली होती आणि नंतर ती हलवली एवढं तो सांगतो. याउलट ग्रॅटियाना बोलिव्हियाना श्पेथ, १९२६ ला कंस नाही कारण ती पहिल्यापासून ग्रॅटियानातच आहे. बायकलर हे नावही फॅब्रिशियसनेच नंतर दिलेलं, आता त्याच जातीची उपजात म्हणून धरतात.

काचपेटी:
माझ्या मते खरी अडचण रंगाची आहे. सोनेरी चमक पाठीच्या कवचातल्या थरांमधल्या ओलाव्यामुळे असते, भुंगेरा मेला की ती जाते आणि तपकिरी-लालसर काहीतरी उरतं, आणि जुन्या अभ्यासकांनी युरोपात बसून बहुतेक वेळा टाचणीवरचे वाळलेले नमुनेच बघितले, त्यामुळे फोटोतला जिवंत भुंगेरा आणि त्यांचं वर्णन जुळेलच असं नाही. उलट बाजूही आहे, ब्राझीलमधल्या चेलिमॉर्फा क्रिब्रारियात ठिपक्यांचे इतके प्रकार दिसतात की वेगवेगळ्या जाती वाटाव्यात, पण संकर करून पाहिल्यावर ते एकाच जातीतले आनुवंशिक फरक निघाले. म्हणून फक्त पाठीच्या नक्षीवरून नाव ठरवू नका, मूळ टाइप नमुना (ज्यावरून जातीचं पहिलं वर्णन झालं तो), नराचं जननांग, मादीची शुक्राणू साठवायची पिशवी, अळी कुठल्या झाडावर होती हे सगळं लागतं. फोटोत यातलं बहुतेक दिसतच नाही, तिथे प्रजातीपर्यंत थांबलेलं बरं.

दुपारचं_ऊन:
नियमामुळेही नावं बदलतात बरं का. क्टेनोकायरा हे नाव आधीच एका परजीवी गांधीलमाशीच्या प्रजातीला दिलेलं होतं, प्राण्यांमध्ये एकच प्रजातीनाव दोघांना चालत नाही म्हणून भुंगेरे मायक्रोक्टेनोकायरात गेले. आणि एरवी जुनं नाव जिंकतं, पण नेहमीच असं नाही, जुनं नाव १८९९ नंतर वैध म्हणून कोणी वापरलंच नसेल आणि नवं नाव गेल्या पन्नास वर्षांत किमान १० लेखकांच्या २५ लेखांत असेल, तेही किमान १० वर्षांच्या काळात, तर नवं टिकवता येतं. हे नुसतं कागदी काम नाहीये, ती वर आलेली ग्रॅटियाना बोलिव्हियाना २००३ पासून फ्लोरिडात सोलॅनम व्हिआरम या काटेरी तणाला आवर घालायला सोडली. अशा कामात जवळच्या दुसऱ्या जातीलाच ते नाव लागलं असतं तर ती कुठलं झाड खाते याच्या चाचण्या भलत्याच किड्याच्या झाल्या असत्या.

रानपाखरू:
बापरे, मी तर कंस टायपिंगची चूक समजून काढून टाकत होते 😟 परत भरते. आता दोन रकाने करते, मूळ नोंदीत जसं होतं तसं नाव आणि शेजारी आजचं नाव, कर्ता आणि सालासकट. यजमान झाडाचा (अळी ज्यावर जगते त्याचा) तिसरा. @काचपेटी, चेलिमॉर्फाचे अकरा फोटो मी नुसत्या ठिपक्यांवरून चार जातींत विभागलेत, ते सगळे आज रात्री परत प्रजातीवर आणते.

काचपेटी:
हो, आणि अळीचा फोटो असेल तर तो आधी बघा. अळीने स्वतःच्या विष्ठेची ढाल पाठीवर कशी धरलीय तेही टिपून ठेवा, त्याचाही गट ओळखायला उपयोग होतो.