‘पुना टिनामू’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेतल्या पक्ष्यांवर मराठीत लेख लिहिते आहे. त्यात ‘पुना टिनामू’ येतो. स्पॅनिशमध्ये त्याला ‘पेर्दीस दे ला पुना’ म्हणतात आणि पेर्दीस म्हणजे तित्तर. मग ‘पुना तित्तर’ चालेल का? की वाचक पुण्याचा तित्तर समजतील?

उत्तर : तित्तर अजिबात नको. स्पॅनिश लोक तिकडे पोचले तेव्हा गवतातून तुरुतुरु पळणारा गुबगुबीत पक्षी बघून त्यांना मायदेशीचा तित्तर आठवला आणि तेच नाव चिकटलं. दिसण्यात साम्य आहे, नातं मात्र नाही. तित्तर कोंबडीच्या गोतावळ्यातला, टिनामू शहामृग, ऱ्हिया (शहामृगासारखा दक्षिण अमेरिकी पक्षी) आणि किवी यांच्या. टिनामूला उडता येतं, पण अगदीच गळ्याशी आलं तर. टिनामूंमध्ये अंडी नर उबवतो आणि त्या अंड्यांना चिनी मातीच्या भांड्यासारखी झिलई असते. ‘तित्तर’ लिहिलंत की वाचकाच्या डोळ्यांपुढे आपल्या माळावरचा पक्षी येणार आणि हे सगळं वाया जाणार.

‘पुना’ मात्र ठेवाच. हा अँडीजमधल्या केचुआ भाषेतला शब्द. झाडं संपतात त्याच्या वरचं थंड, उघडं गवताळ पठार म्हणजे पुना. उंचीवर गेल्यामुळे होणाऱ्या त्रासालाही तिकडे पुना म्हणतात. हा पक्षी पेरू, बोलिव्हिया, चिली आणि अर्जेंटिना इथल्या सुमारे ४००० मीटरवरच्या पुनात राहतो. डोक्यामानेवर काळे-पांढरे पट्टे, पायाला मागचं बोट नाही. पुण्याचा घोळ टाळायला पहिल्याच उल्लेखात अर्थ सांगून टाका.

दुसरं उत्तर : स्थानिक नाव ‘किऊला’. तेही एकदा द्यावं. टिनामूला केचुआत ‘युतू’ असाही शब्द आहे. अँडीजमधले लोक आकाशगंगेतल्या काळ्या डागांतही प्राणी बघतात आणि त्रिशंकू तारकासमूहाला लागून असलेला काळा डाग म्हणजे युतू. ज्या पक्ष्याला तिथे आभाळात जागा आहे, त्याला आपण उसनं नाव का द्यायचं?

प्रश्नकर्ती : पटलं. ‘पुना टिनामू, म्हणजेच किऊला’ असं लिहिते. अनेकवचन?

उत्तर : लाडूसारखं चालवा. एक टिनामू, चार टिनामू.