मदत हवी आहे: हलव्याच्या दागिन्यांची विक्री वाढवायची आहे

नमस्कार मैत्रिणींनो,
मी चार वर्षांपासून घरी हलव्याचे दागिने करते. नव्या सुनेसाठी मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, बिंदी. बोरन्हाणाला बाळाचा मुकुट आणि बासरी. हलवाही मीच करते. खसखशीवर पाक चढवून काटा फुलवायला दोन-तीन दिवस जातात, पण ग्राहक विचारतात, "साखरच ना, मग १२०० रुपये कशाचे?" मेहनत डोळ्यांना दिसावी म्हणून काटा फुलतानाचे रील टाकले तर उपयोग होईल का?

आतापर्यंत सगळ्या ऑर्डर ओळखीतून आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून आल्या. डिसेंबरात फोन सुरू होतात, रथसप्तमी झाली की सगळं थंड. बाकीच्या महिन्यांत डोहाळजेवणासाठी कापडी फुलांचे दागिने करायचा विचार आहे. कोणी करतं का? भाड्याने देणं परवडतं की विकणंच बरं?

आणि कुरिअर! गेल्या वर्षी बंगळुरूला पाठवलेल्या सेटमधला हार तुटून पोहोचला, त्या मुलीची पहिली संक्रांत होती, मला फार वाईट वाटलं. आता प्रत्येक दागिना पुठ्ठ्यावर टाचून, सिलिका जेलची पुडी घालून पाठवावा म्हणते. अनुभव असेल तर नक्की सांगा, दिवाळीनंतर लगेच कामाला लागायचंय.