'तमस'मधला कोणता भाग मुलांना दाखवावा?

वाचनकट्टा_संगमनेर

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी अकरावी-बारावीच्या मुलामुलींना एखादा सिनेमा नाहीतर माहितीपट दाखवतो आणि त्यावर बोलतो. पुढचा विषय फाळणी. मला भीष्म साहनींच्या कादंबरीवरची, गोविंद निहलानींची दूरदर्शन मालिका 'तमस' दाखवायची आहे, पण ती आहे जवळपास पाच तासांची. आजूबाजूच्या वस्त्यांवरून येणाऱ्या मुलांना संध्याकाळच्या एसटीने परतायचं असतं, त्यामुळे हातात दीड तासच असतो. म्हणून चाळीसेक मिनिटांचा तुकडा काढायचा विचार आहे. सुरुवातीचा नत्थूचा प्रसंग घ्यावा की गुरुद्वारा आणि विहिरीचा?

दुसरं म्हणजे, आमच्या समितीतले एक काका थोडे धास्तावले आहेत. गटात दोन्ही समाजांची मुलं आहेत, उगाच काही व्हायला नको, असं त्यांचं म्हणणं. या मालिकेवरून कोर्टात प्रकरण गेलं होतं म्हणतात, ते नेमकं काय होतं? जोडीला एखादा माहितीपट सुचवलात तर उत्तमच.

मानसी_प

विहिरीचा प्रसंग सुटा दाखवू नका, एवढंच कळकळीने सांगते. हल्लेखोरांच्या हाती लागू नये म्हणून बायका मुलांना छातीशी धरून विहिरीत उडी घ्यायला निघतात, पुढे उत्तरा बावकरांची जसबीर. मार्च 1947 मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावात खरोखर असं घडलं होतं. त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे माहीत नसेल, तर सोळा वर्षांच्या मुलीला तो प्रसंग शौर्यगाथेसारखा वाटू शकतो. मी शाळेत शिकवते, म्हणून ही भीती वाटते.

गिरगावकर_वकील

आधी कोर्टाचं सांगतो, कारण तुमच्या काकांची धास्ती आणि तुमचा तुकड्याचा प्रश्न या दोन्हींचं उत्तर मला त्यातच दिसतं.

जानेवारी 1988. मी तेव्हा मुंबईत लॉच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या चाळीत टीव्ही मोजक्याच खोल्यांत, आणि तेव्हा दूरदर्शन सोडून दुसरं काही नव्हतंच. रविवारी सकाळी 'रामायण', आणि शनिवारी रात्री 'तमस'. पहिले भाग लागले आणि आरडाओरडा सुरू झाला. मोर्चे निघाले, धमक्या आल्या, निहलानींना पोलीस संरक्षण द्यावं लागलं. मुंबईतल्याच एका नागरिकाने हायकोर्टात अर्ज केला की या मालिकेने दंगे भडकतील, ती थांबवा. गुरुवारी, 21 जानेवारीला एकलपीठाने स्थगिती दिली. त्यावर अपील झालं ते न्या. बख्तावर लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांच्यापुढे.

आता त्यांनी काय केलं ते नीट वाचा. त्यांनी वर्तमानपत्रातली कात्रणं चाळून निकाल दिला नाही, की वकिलांनी निवडून दाखवलेल्या दोन-चार प्रसंगांवर समाधान मानलं नाही. दोघांनी बसून अख्खी मालिका पाहिली, जे भाग अजून लागायचे होते तेही. आणि शनिवारी, 23 तारखेला स्थगिती उठवली. निरक्षर माणसालाही सारासार विचार असतो, असं त्यांनी त्या निकालात म्हटलं. धर्मवेड्यांचं कपट समोर घडताना दिसलं की तो ते ओळखतो. आमच्या कॉलेजात त्या निकालावर आठवडाभर वाद चालले होते. 'लोक अडाणी आहेत, त्यांना हे पेलवणार नाही' हा युक्तिवाद त्या काळी भलेभले करत होते. दोन न्यायाधीशांनी तो मोडून काढला याचं मला तेव्हाही अप्रूप होतं, आजही आहे.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 16 फेब्रुवारीला तिथेही याचिका फेटाळली गेली. त्या निकालात आधार कुणाचा घेतला? आपल्या नागपूरचा! स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर हायकोर्टात न्या. विवियन बोस यांनी एक कसोटी घालून दिली होती. शब्दांचा परिणाम तोलायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या नजरेने. डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या नजरेने नव्हे. काकांना हे जरूर वाचून दाखवा.

आणि म्हणूनच माझं स्पष्ट मत: तुकडा काढू नका. तीन-चार रविवार लागले तरी चालतील, पण पूर्ण दाखवा.

तुम्ही म्हणता तो पहिला प्रसंग घ्या. रात्रीची वेळ, बंद कोठडी, ओम पुरींचा नत्थू आणि ते डुक्कर. पशुवैद्य साहेबाला हवंय असं सांगून ठेकेदाराने पैसे हातावर टेकवलेले. नत्थू हा कातडी कमावणारा, डुक्कर मारायची त्याला सवय नाही. तो घामाघूम होतो, चिडतो, काकुळतीला येतो. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं. इथे थांबलात तर मुलं काय घेऊन घरी जातील? कुणीतरी कुणाचीतरी खोडी काढली, एवढंच. पुढे शांततेसाठी धडपडणारी मंडळी इंग्रज डेप्युटी कमिशनरकडे जातात, वेळीच पोलीस फिरवा म्हणून विनवतात, आणि तो शांतपणे हात वर करतो. शहर जळून झाल्यावर मात्र सरकारी यंत्रणा लगेच हलते. भीष्म साहनींच्या कादंबरीत तर शेवटी अमन कमिटीची बस निघते, आणि शांततेच्या घोषणा द्यायला त्यात बसलेला असतो तोच माणूस, ज्याने नत्थूकडून डुक्कर मारून घेतलं होतं. हा शेवट कळल्याशिवाय ती पहिली रात्र कळत नाही.

माझ्या मते मुलांनी पाहायलाच हवा असा प्रसंग तिसराच आहे, आणि त्याकडे फारसं कुणी बोट दाखवत नाही. हरनामसिंग आणि बंतो, खेड्यात चहाचं दुकान चालवणारं म्हातारं शीख जोडपं. दुकान सोडून रातोरात पळतात आणि लांबच्या एका गावात एका मुसलमान घराचं दार ठोठावतात. घरची बाई राज्जो त्यांना आत घेते. थोड्या वेळाने घरातले पुरुष लुटीची ट्रंक घेऊन येतात. ती ट्रंक नेमकी हरनामसिंगचीच! कुलूप तोडायला लागतात, तेव्हा लपलेला म्हातारा बाहेर येतो आणि म्हणतो, तोडू नका, किल्ली आहे माझ्याकडे. खोलीत सगळ्यांचीच पंचाईत होते. लुटणाऱ्याच्या घरात लुटलेला पाहुणा! पुढे राज्जो त्यांना रात्रीच्या अंधारात गावाबाहेर पोचवते, आणि जाताना बंतोचे दागिने तिच्या हातात परत ठेवते.

यातला हरनामसिंग म्हणजे खुद्द भीष्म साहनी. कादंबरीकार स्वतःच. बंतो दीना पाठक, आणि राज्जो सुरेखा सिक्री. सिक्रींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चेहऱ्यावर एकाच वेळी धाक, लाज आणि माया कशी आणायची, हे त्या बाईकडून शिकावं.

माहितीपटांबद्दल दुसरे जण सांगतीलच, मी दोन नावं देतो, तीही याच वाटेवरची. भोपाळ वायुकांडावरचा 'बियाँड जिनोसाइड', तपन बोस आणि सुहासिनी मुळे यांचा. त्याला सुवर्णकमळ मिळालेलं, तरी दूरदर्शनने नाकारला. कारणं काय, तर विषय आता शिळा झाला, खटले चालू आहेत. 1992 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कारणं मान्य केली नाहीत. दुसरा आनंद पटवर्धनांचा, धर्मांध हिंसा आणि पुरुषीपणा यांवरचा 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध'. 1995 ची फिल्म, दूरदर्शनवर दाखवा असा सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला 2006 उजाडलं. सुटे प्रसंग वेचून नव्हे, फिल्म समग्र पाहून मत बनवा, हेच सूत्र तिथेही. हा दुसरा मात्र अकरावीच्या मुलांना दाखवण्याआधी तुम्ही स्वतः पाहा.

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या वाहिनीने 'तमस' शनिवारी रात्री देशभर घरोघरी पोचवली, याचा मला फार अभिमान वाटतो. तिला चाळीस मिनिटांत कोंबू नका.

भिवंडीची_शिक्षिका

वकीलसाहेबांनी एक धागा सोडला, तो मी जोडते. 1970 च्या दंगलीनंतर भीष्म साहनी थोरले भाऊ बलराज यांच्यासोबत आमच्या भिवंडीत आले होते. जळलेली घरं, ओस गल्ल्या पाहून त्यांना फाळणीच्या दंगलींतली रावळपिंडी आठवली आणि त्यातून 'तमस' लिहायला बसले, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे ही पंजाबची गोष्ट सुरू झाली ती महाराष्ट्रातल्या यंत्रमागांच्या गावात. मुलांना हे आधी सांगा. 'तिकडचं' वाटणं तिथेच कमी होतं.

मी दहावी झालेल्या मुलींना पूर्ण मालिका दाखवली आहे, तुकडे पाडून पण क्रमाने. अनुभवाचे बोल:

संवादांत पंजाबी आणि उर्दू शब्द भरपूर आहेत, आपली मुलं अडखळतात. पात्रांची नावं आणि नाती एका कागदावर लिहून वाटा. बख्शीजी कोण, ठेकेदार कोण, हे पहिल्या अर्ध्या तासात गोंधळायला होतं. बहुतेक प्रसंग रात्रीचे आहेत, तेव्हा खोलीत पूर्ण काळोख हवा. खिडक्यांना चादरी लावा, नाहीतर पडद्यावर नुसत्या सावल्या दिसतात. विहिरीच्या प्रसंगानंतर लगेच चर्चा सुरू करू नका, पाणी प्यायला बाहेर सोडा. आणि घरून परवानगीची चिठ्ठी आणायला सांगा, पालकांनाही बसायचं असेल तर बसू द्या. माझ्याकडे एका मुलीची आजी आली होती आणि पुढच्या प्रत्येक वेळी आली.

दंगा-बिंगा काही झाला नाही. राज्जोने दार उघडायला हवं होतं की नाही, यावर मात्र मुली तावातावाने भांडल्या.

वाचनकट्टा_संगमनेर

सगळ्यांचे मनापासून आभार. लेंटिन-मनोहर निकालाचा मजकूर काकांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा ऐकला आणि म्हणाले, मग आपण समितीने आधी सगळी पाहू, नंतर ठरवू. तेव्हा येत्या शनिवारी रात्री समिती बसतेय, पाच तास, मध्ये पिठलं-भाकरी.

मुलांसाठी चार रविवार धरतोय, मानसीताईंच्या सांगण्याप्रमाणे विहिरीचा भाग मधोमध येईल, शेवटाला नाही. भिवंडीच्या बाई, तुमचा तो पात्रांचा कागद मिळेल का? आणि वकीलसाहेब, पहिल्या रविवारी फोनवरून दहा मिनिटं मुलांशी बोलाल का? स्पीकर आहे आमच्याकडे.