जीपच्या नवीन टबले (पत्र्याच्या बॉडीले) जुन्या डिझेल टाकीचं नेक (डिझेल भरायची नळी) बसत नाही, काय करावं?

वावरातली_540:
राम राम राजेहो. माझी जुनी महिंद्राची एमएम 540 डिझेल जीप, गाव दारव्ह्याकडे. पावसाळ्यात काळ्या मातीत हीच कामी पडते. पत्रा पार सडला म्हणून तयार टब आणला, टाकी जुनीच. आता टबवरचं भोक टाकीच्या तोंडापासून चार बोटं पुढं येऊन राह्यलं. वेल्डिंगवाला म्हणते टाकीचंच तोंड कापून वाकडं करून देतो. करू द्यावं का?

कपाशीवाला:
नाही भाऊ, टाकीले वेल्डिंग लावूच देऊ नका, हात जोडून सांगतो. रिकामी दिसली तरी आत वाफ राह्यते, धुतली तरी सांध्यात डिझेल उरतेच, अन भडका उडाला तं माणूस जाते. बदल टबच्या बाजूनं करा. टबले वेगळं नेक नटबोल्टनं बसवा अन मधात होज (रबरी नळी) टाका. रेडिएटरचा होज नका वापरू, तो डिझेलनं फुगून मऊ पडते. डिझेलचाच नायट्राइल रबराचा मागा, दोन्ही टोकाले क्लिपा. वरून खाली सलग उतार ठेवा, मधात पोट पडलं की डिझेल तिथंच थांबते. पत्र्याच्या भोकाले रबरी ग्रोमेट (काठाले बसवायची कडी) लावजा, नाहीतर हादऱ्यानं धार होजले कापते.

जंगलवाट:
सगळं बरोबर, पण ब्रीदरची, म्हणजे टाकीतली हवा निघायची, बारीक नळी कोणी सांगितली नाही. नव्या टबवर जागा नाही म्हणून लोक ती दाबून बंद करतात. डिझेल आत जाते तेवढी हवा बाहेर निघाले पाह्यजे ना. पंपाच्या नोझलच्या टोकाले बारीक भोक असते, डिझेल उसळून ते झाकलं की नोझल खट्टकन बंद. मंग शिव्या पंपवाल्याले! ती नळी नेकच्या वरच्या अंगाले जोडा, तिलेबी उतार द्या.
झाकणबी पाहा. जुन्या टाकीत हवा झाकणातूनच जात असन अन तुम्ही पक्कं बंद झाकण लावलं तं टाकीत हवाच जात नाही, गाडी चालता चालता ओढ सोडते. झाकण उघडताना फुस्स आवाज आला की समजा.

वावरातली_540:
ब्रीदर तं खरंच दाबलेला दिसला, आत्ताच वाकून पाह्यलं. नेक पेट्रोल गाडीचं चालन का? भंगारात भेटून राह्यलं.

जंगलवाट:
डिझेलचं नोझल जाड असते, पेट्रोलच्या बारीक तोंडात जाणार नाही. घ्यायच्या आधी तोंड मोजा. अन रंग मारायच्या आधी पंपावर डिझेल टाकून पाहा, खालून प्रत्येक सांध्याले कोरडा कपडा लावून.